पाचांचा संघ, सहाव्याची संध्याकाळ

अमेरिकेतल्या कॉलेज गोल्फमध्ये स्पर्धेला पाच खेळाडू नेतात. प्रत्येक फेरीत त्यांतल्या चौघांचे चांगले स्कोअर संघाच्या खात्यात धरले जातात आणि पाचवा वगळला जातो. हे पाच जण निवडणारा, त्यांना घडवणारा प्रशिक्षक पुष्कळदा स्वतः कधीकाळी व्यावसायिक गोल्फर असतो. ओरेगॉन विद्यापीठाचा केसी मार्टिन त्यांपैकीच एक. जन्मापासून त्याच्या उजव्या पायात रक्तवाहिन्यांचा दुर्मीळ विकार. १९९४ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या स्टॅनफर्डच्या संघात तो होता, आणि पुढच्या मोसमात टायगर वूड्स त्याच संघात आला. पुढे व्यावसायिक झाल्यावर अठरा होल चालणं पायाला झेपेना. स्पर्धेत गोल्फ कार्ट वापरू द्यावी म्हणून तो पीजीए टूरविरुद्ध कोर्टात गेला आणि २००१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. २००६ मध्ये तो युजीन या आपल्या जन्मगावी परतला आणि विद्यापीठाच्या संघाचा प्रशिक्षक झाला.

पुढे दिलेला दिनक्रम कॉलेज गोल्फच्या वरच्या श्रेणीतल्या कुठल्याही प्रशिक्षकाच्या सरावाच्या दिवसाला लागू पडावा असा आहे. त्यात आलेली वर्षं आणि निकाल मात्र मार्टिन आणि त्याच्या खेळाडूंचे आहेत.

सकाळी ६.००

दिवस व्यायामशाळेत सुरू होतो. वजनं आणि कंबर-खांद्यांचे व्यायाम हा तिथल्या वेगळ्या प्रशिक्षकाचा प्रांत. गोल्फचा प्रशिक्षक बाजूला उभा राहून पाहतो: कोण झोप न झाल्यासारखा दिसतोय, कुणाचं मनगट दुखतंय, कोण कालपासून गप्प आहे.

इथूनच घड्याळ मोजायला लागतं. नियमाप्रमाणे मोसमात विद्यार्थ्याकडून दिवसाला जास्तीत जास्त ४ तास आणि आठवड्याला २० तास काम करून घेता येतं. आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्यावीच लागते. ज्याने व्यावसायिक म्हणून दिवस दिवस चेंडू मारत काढले, त्याला ही पहिली सवय मोडावी लागते. खेळ बिघडला की आणखी दोनशे चेंडू मारायचे, हा उपाय इथे चालत नाही. जे करायचं ते थोडक्या वेळात, नेमकं करायचं.

सकाळी ८.३०

मुलं वर्गात गेली की प्रशिक्षक टेबलाशी बसतो. विमानांची तिकिटं, हॉटेल, स्पर्धांची आमंत्रणं, नियमपालन विभागाचे फॉर्म. २०२४ मध्ये ओरेगॉन बिग टेन या गटात गेल्यापासून प्रवास लांबले आहेत, कारण या गटातली बहुतेक विद्यापीठं देशाच्या मध्य आणि पूर्व भागात आहेत. एका स्पर्धेपायी मुलांचे किती तास बुडणार, कुणाची परीक्षा कधी, हे सगळं त्यालाच जुळवावं लागतं.

त्यानंतर आकडेवारी. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी रुजवलेल्या पद्धतीत प्रत्येक फटक्याची तुलना त्या अंतरावरून चांगल्या खेळाडूला सरासरी किती फटके लागतात याच्याशी करतात. पीजीए टूरने २०११ पासून पटिंगसाठी हे मोजमाप वापरायला सुरुवात केली. आठ फुटांवरून अव्वल व्यावसायिकसुद्धा निम्म्याच्या आसपासच पट घालतात. हे ठाऊक नसलेला मुलगा आठ फुटांवरचा प्रत्येक चुकलेला पट मनाला लावून घेतो आणि माझं पटिंग गेलं म्हणून सांगत येतो. आकडे पाहिले तर दिसतं, की दीडशे यार्डांवरून मारलेले त्याचे चेंडू होलपासून चाळीस-चाळीस फुटांवर थांबताहेत. दुखणं पटरमध्ये नाही, आयर्नमध्ये आहे. कागदावर ते दिसलं की पुढच्या आठवड्याचा सराव ठरतो.

सकाळी ११.००

फोनची वेळ. शाळकरी खेळाडू दहावीचं वर्ष संपवतो त्या वर्षीच्या १५ जूनपासून प्रशिक्षकाला त्याच्याशी थेट बोलता येतं. पुरुषांच्या संघाला वर्षानुवर्षं साडेचार शिष्यवृत्त्या मिळत आणि त्या तुकडे करून मुलांमध्ये वाटाव्या लागत. २०२५ मध्ये न्यायालयीन तडजोड झाली. ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत आता मर्यादा शिष्यवृत्त्यांवर नाही, खेळाडूंच्या संख्येवर आहे: संघात जास्तीत जास्त नऊ. त्यामुळे प्रत्येक जागेचं मोल वाढलं.

फोनवर बोलण्याआधी मुलाला कोर्सवर पाहावं लागतं, आणि त्यासाठी मैलोगणती फिरावं लागतं. मार्टिनच्या बाबतीत हे फिरणंच एकदा अडलं. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात अमेरिकेच्या ज्युनियर अमॅच्युअर स्पर्धेत तो कार्टमधून मुलांचा खेळ पाहत होता, तेव्हा त्याला कार्ट वापरायला मनाई करण्यात आली. राष्ट्रीय संघटनेने नंतर त्याची माफी मागितली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येऊन बारा वर्षं झाली होती, तरी एका प्रशिक्षकाला आपलं रोजचं काम करण्याचा हक्क पुन्हा सांगावा लागला, हे मला आजही खटकतं.

स्पर्धेत प्रशिक्षक फक्त स्विंग पाहत नाही. स्कोअर त्याला घरबसल्याही कळतो. त्याचं लक्ष असतं ते डबल बोगी झाल्यानंतरच्या टीवर मुलगा काय करतो याकडे, आणि फेरी संपल्यावर आई-वडिलांशी कसा बोलतो याकडे. दुसऱ्या कॉलेजातून येणाऱ्यांचाही विचार करावा लागतो. विंडहॅम क्लार्क ओक्लाहोमा स्टेटमध्ये होता. २०१३ मध्ये त्याची आई कर्करोगाने गेली आणि त्याचा खेळ विस्कटला. तो ओरेगॉनला आला, २०१७ मध्ये आपल्या गटातला सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०२३ मध्ये त्याने यूएस ओपन जिंकली. विस्कटलेल्या वर्षांवरूनच एखाद्याचा निकाल लावला, तर असा खेळाडू हातचा जातो.

दुपारी १.३०

वर्ग संपवून मुलं कोर्सवर येतात. युजीनचा हिवाळा पावसाचा. ओल्या गवतावर चेंडू पडला की जागच्या जागी रुततो आणि पकडीचा हातमोजा तिसऱ्या होलपर्यंत भिजतो. बाहेरून येणारे संघ अशा हवेला वैतागतात, इथल्यांना त्यातच तयार व्हायचं असतं.

पहिला तास छोट्या अंतरांचा. होलभोवती तीन, चार आणि पाच फुटांवर टी खोचून वर्तुळ केलेलं असतं. सगळे पट ओळीने घालायचे, एक चुकला की पहिल्यापासून सुरुवात. पहिल्या काही पटांना कुणाच्याच चेहऱ्यावर ताण नसतो. शेवटचे दोन उरले की मुलगा पाय पुन्हा पुन्हा जुळवू लागतो, पटरचं डोकं चेंडूमागे टेकवून उचलतो, परत टेकवतो. चार फुटांचाच पट, पण चुकला तर मागची वीस मिनिटं वाया जाणार असतात. स्पर्धेतला ताण सरावात आणायचा तो असा. प्रशिक्षक या वेळी तोंडातून शब्द काढत नाही. बोलायचं ते नंतर, आणि तेही घाई कुठे झाली एवढंच.

माजी व्यावसायिकाला मोह होतो तो मुलाच्या हातातला क्लब घेऊन स्वतः फटका मारून दाखवण्याचा. पण बहुतेक मुलांचे लहानपणापासूनचे स्विंगचे गुरू घरी असतात आणि त्यांच्या कामात फार ढवळाढवळ करणं बरं नाही. कॉलेजच्या प्रशिक्षकाचं खरं क्षेत्र म्हणजे निर्णय. झेंडा उजव्या कडेला बंकरच्या मागे असेल, तर ग्रीनच्या मध्यावर मारायचं. चुकायचंच असेल तर डावीकडे, जिथून चिप सोपी जाते. व्यावसायिक स्पर्धेत असा सल्ला फक्त कॅडी देऊ शकतो. कॉलेजात कॅडी नसतो, मुलं आपली बॅग स्वतः वाहतात किंवा ढकलतात, आणि सल्ला देण्याची मुभा प्रशिक्षकाला असते. म्हणून स्पर्धेच्या दिवशी तो बऱ्याचदा पार-थ्रीच्या टीवर उभा सापडतो. तिथे एकाच फटक्यासाठी क्लब, वारा आणि धोका यांचा हिशेब लागतो.

संध्याकाळी ५.००

आठवड्यातलं सगळ्यात अवघड काम आता येतं. पुढच्या स्पर्धेसाठी संघातल्या संघात पात्रता फेऱ्या झालेल्या असतात. कार्डं सही होऊन हातात येतात. पाचवा आणि सहावा यांच्यात एखाद्याच फटक्याचं अंतर असतं.

यादी गटाच्या चॅटवर टाकण्याआधी सहाव्याला समोर बसवून सांगायचं असतं. चांगला प्रशिक्षक लांबण लावत नाही आणि खोटी आशाही दाखवत नाही. तुझा फटका कुठे गेला, या आठवड्यात तू काय करायचंस, पुढची संधी कधी. एवढंच. मग मुलाला बोलायचं असेल तर ऐकत बसायचं, नसेल तर त्याच्याबरोबर गाडीपर्यंत चालत जायचं.

व्यावसायिक गोल्फमधल्या वर्षांचा खरा उपयोग इथे होतो. पीजीए टूरच्या नेहमीच्या स्पर्धेत दीडशेच्या आसपास खेळाडू उतरतात. शुक्रवारी दुसरी फेरी संपली की कट लागतो: पहिले ६५ आणि त्यांच्या बरोबरीचे पुढे खेळतात, बाकीच्यांना बॅग भरून निघावं लागतं, तेही बक्षिसाच्या एका पैशाविना. बहुतेक व्यावसायिकांची कारकीर्द अशा शुक्रवारांनी भरलेली असते. सहाव्याच्या पोटात आत्ता काय चाललंय, हे ज्याने असे शुक्रवार काढलेत त्याला शब्दांशिवाय कळतं.

आणि पाचांत आलेल्याचं काय होऊ शकतं, हे युजीनने पाहिलं आहे. १ जून २०१६ रोजी राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम लढत ओरेगॉनच्या घरच्या युजीन कंट्री क्लबवर टेक्सासविरुद्ध होती. त्याच कोर्सवर ओरेगॉनचा एरन वाइज आधीच वैयक्तिक विजेता ठरला होता. अंतिम लढतीत पाचही जण एकेका प्रतिस्पर्ध्याशी समोरासमोर खेळतात. अशा पाच सामन्यांपैकी चार झाले तेव्हा २-२ अशी बरोबरी. शेवटच्या सामन्यात युजीनमध्येच वाढलेला सुलमान रझा आणि व्यावसायिक गोल्फर फ्रेड फंक यांचा मुलगा टेलर यांच्यात अठरा होलनंतरही निकाल लागेना. तिसऱ्या जादा होलवर रझाने बर्डी केली आणि ओरेगॉनच्या पुरुष संघाने पहिलंवहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. सगळा हंगाम अशा एका मुलाच्या एका पटवर येऊन थांबू शकतो, म्हणून पाचवी जागा कुणाला द्यायची याचा निर्णय इतका जड असतो.

संध्याकाळी ७.३०

जेवणानंतर अभ्यासाची चौकशी आणि शेवटच्या वर्षातल्या मुलांशी बोलणं. २०२० पासून पीजीए टूरची एक क्रमवारी कॉलेजच्या शेवटच्या वर्षातल्या खेळाडूंना थेट व्यावसायिक स्पर्धांत प्रवेश देते. पहिल्या क्रमांकाला थेट पीजीए टूरचं सदस्यत्व मिळतं. २०२३ मध्ये लुडविग ओबेरीला ते असंच मिळालं. बाकीच्यांपुढे लहान टूर, प्रवेश फी, हॉटेलांची बिलं आणि कटची टांगती तलवार.

मुलगा विचारतो, व्हावं का व्यावसायिक? इथे प्रशिक्षकाचं स्वतःचं आयुष्य कामी येतं. मार्टिनने १९९८ च्या सुरुवातीलाच दुय्यम टूरवरची लेकलंड क्लासिक जिंकली आणि त्याच वर्षी यूएस ओपनमध्ये तो संयुक्त २३वा आला. तरीही पीजीए टूरवर तो टिकला नाही. २०२१ मध्ये तर तो उजवा पाय कापावा लागला, आणि तरी प्रशिक्षकाचं काम त्याने सोडलं नाही. अशा माणसासमोर बसलेल्या मुलाला जिंकणं शक्य असतं हेही दिसतं, आणि जिंकूनही जागा टिकेलच असं नाही हेही दिसतं. दोन्ही माहीत असताना जो व्यावसायिक व्हायचं ठरवतो, तो निदान डोळे उघडे ठेवून जातो.

रात्री ९.३०

हवामानाचा अंदाज, उद्याची टी टाइम, सहाव्याच्या घरून आलेला फोन. पालकांनाही तीच तीन वाक्यं, त्याच स्वरात सांगायची असतात.

प्रशिक्षक निवडताना विद्यापीठं उमेदवाराने किती स्पर्धा जिंकल्या ते पाहतात. ते पाहावंच. पण किती कट चुकले आणि त्यानंतरच्या सोमवारी तो सरावाला कसा गेला, हेही विचारायला हवं. व्यावसायिक गोल्फमध्ये फार पुढे न गेलेल्यांना आपण अयशस्वी म्हणून बाजूला ठेवतो. माझ्या मते त्या वर्षांत ते जे शिकतात, त्याची गरज सहाव्या क्रमांकाच्या मुलाला सर्वाधिक असते, आणि पुढच्या वर्षी तोच मुलगा संघाचा पहिला खेळाडू होऊ शकतो.