सजगता-साधना, शस्त्रक्रियोत्तर

सजगता-साधना, शस्त्रक्रियोत्तर : शस्त्रक्रियेनंतरचा मानसिक ताण व वेदनेचा जाच कमी व्हावा यासाठी रुग्णाने करावयाचा अवधानाचा अभ्यास. श्वास, शारीरिक संवेदना व मनात उठणारे विचार यांकडे, त्यांना बरेवाईट न ठरविता, लक्ष देणे हे त्याचे मुख्य अंग होय. त्याचे मूळ बौद्ध परंपरेतील ‘सति’ (सं. स्मृती) या संकल्पनेत असून तिचे विवेचन पाली सतिपट्ठानसुत्तात आढळते. जॉन कॅबट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात या साधनेवर आधारित, धार्मिक स्वरूप नसलेला ताणनिवारणाचा अभ्यासक्रम सुरू केला. तो आठ आठवड्यांचा असतो.

शस्त्रक्रिया ही शरीराच्या दृष्टीने एक इजाच असते. भीती व वेदना यांमुळे अनुकंपी तंत्रिका तंत्र उद्दीपित होऊन नाडी जलद होते व रक्तदाब वाढतो. अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसॉल अधिक प्रमाणात स्रवते. ही स्थिती लांबल्यास जखम भरण्याच्या प्रारंभी आवश्यक असणारी शोथाची क्रिया मंदावते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनात, स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रियांच्या त्वचेवर केलेली लहानशी जखम भरून येण्यास तुलनेसाठी निवडलेल्या स्त्रियांपेक्षा सरासरी सु. ९ दिवस अधिक लागले. शिवाय दुखेल या भीतीने रुग्ण दीर्घ श्वास घेणे, खोकणे व हालचाल करणे टाळतो. त्यामुळे फुप्फुसात कफ साठणे, शिरांत रक्ताच्या गुठळ्या होणे यांसारखे उपद्रव संभवतात.

साधना उताणे पडून, टाक्यांवर ताण न आणता करता येते. प्रारंभी पाच-दहा मिनिटे श्वासाच्या ये-जा करण्याकडे लक्ष ठेवतात. नंतर पावलांपासून मस्तकापर्यंत एकेका अवयवावरून अवधान नेतात. दुखऱ्या भागाशी आल्यावर प्रत्यक्ष संवेदना आणि ‘हे कधीच थांबणार नाही’ यांसारखा विचार यांतील भेद रुग्णाच्या ध्यानी येतो. वेदना नाहीशी झाली नाही, तरी तिच्यामुळे होणारा जाच पुष्कळदा उणावतो. शस्त्रक्रियेपूर्वीच साधना शिकून घेणे सोयीचे ठरते, कारण शुद्धिहरणाचा अंमल व वेदना असताना नवी गोष्ट आत्मसात करणे कठीण जाते.

चिंता व वेदना यांवरील परिणामाचा पुरावा तुलनेने अनुकूल आहे. जखम लवकर भरते किंवा रुग्णालयातील वास्तव्य घटते, असे मात्र निश्चितपणे म्हणता येत नाही. ही साधना पूरक असून वेदनाशामके, जखमेची निगा व व्यायामोपचार यांची जागा ती घेऊ शकत नाही. तीव्र मानसिक विकार असलेल्यांनी ती तज्ञाच्या देखरेखीखालीच करावी. वेदनेकडे शांतपणे पाहणे म्हणजे ती मुकाट्याने सोसणे नव्हे. एकाएकी वाढलेली वेदना, ताप, जखमेतून येणारा पू, पोटरीची सूज किंवा धाप ही लक्षणे दिसताच साधना थांबवून वैद्यांस कळविणे अगत्याचे असते.