सहाशे पानांचा नाताळ

शिकागोच्या पश्चिम भागात, होमन स्क्वेअरमध्ये, विटांचा 14 मजली मनोरा उभा आहे. सिअर्सच्या नाताळी कॅटलॉगवर लिही, असं संपादकांनी सांगितलं, म्हणून मी तिथे गेले. 1906 साली याच मनोऱ्याला लागून सिअर्स, रोबक आणि कंपनीचं टपालविक्रीचं अवाढव्य कोठार सुरू झालं. कोठार पाडलं गेलं, मनोरा राहिला.

कंपनीची कथा थोडक्यात अशी. 1886 मध्ये मिनेसोटातल्या एका रेल्वे स्टेशनवर काम करणारा रिचर्ड सिअर्स घड्याळं विकू लागला. दहा वर्षांनी अमेरिकन खेड्यांत घरपोच टपाल येऊ लागलं, 1913 मध्ये पार्सलही. मग शेतावर बसून चुलीपासून कोटापर्यंत काहीही मागवता येऊ लागलं. नाताळचा स्वतंत्र कॅटलॉग निघाला 1933 साली, ऐन मंदीत. त्यात मिकी माऊसचं घड्याळ होतं, लायनेलची विजेवरची आगगाडी होती आणि चक्क जिवंत कॅनरी पक्षी होते. लोक त्याला ‘विश बुक’ म्हणायचेच. 1968 मध्ये कंपनीने तेच नाव अधिकृत केलं. त्या वर्षीची पानं 605, त्यांतली 225 खेळण्यांची.

या 225 पानांवर मुलांचं राज्य असे. कपडे, भांडी, अवजारं ओलांडून ती थेट खेळण्यांवर यायची. हव्या त्या वस्तूभोवती पेनाने गोल, पानाचा कोपरा दुमडलेला, भावंडांची शाई वेगवेगळी. सांताक्लॉजच्या चिठ्ठीत पान क्रमांकसुद्धा. किमतींची बेरीज करून पुन्हा दोन गोल खोडणं, हा बहुतेकांचा खरा पहिला हिशेब. इथल्या एका मराठी काकू म्हणाल्या, “आमच्याकडे नाताळ नव्हता गं, पण पोरं ते पुस्तक उशाशी घेऊन झोपायची.”

दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना कॅटलॉगचा आधार आणखी मोठा होता. वर्णभेदाच्या काळात गावातला दुकानदार गोऱ्या गिऱ्हाइकांचं सगळं आटपेपर्यंत त्यांना ताटकळत ठेवायचा. कॅटलॉगमध्ये किंमत छापलेली, सगळ्यांना एकच. आईबापांचा अपमान न पाहता मुलाला खेळणं निवडता येत होतं. सिअर्सच्या इतिहासातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट ही.

पण मी अडकले ते कोठाराच्या वेळापत्रकात. ऑटो डोअरिंग या अधिकाऱ्याने ते बसवलं. एका कुटुंबाच्या मागणीत बाहुली, मोजे आणि करवत असली, तर तिन्ही वस्तू वेगळ्या खात्यांत, वेगळ्या मजल्यांवर. डोअरिंगने प्रत्येक मागणीला पंधरा मिनिटांची वेळ नेमून दिली. चिठ्ठ्या हवेच्या दाबाच्या नळ्यांतून खात्यांकडे धावत. माल सरकत्या पट्ट्यांवरून आणि घसरगुंड्यांवरून खाली येई. त्या पंधरा मिनिटांत सगळं त्या मागणीच्या खणात पडलंच पाहिजे. एखाद्या खात्याला उशीर झाला, तर ती वस्तू मागाहून पाठवण्याचा खर्च त्याच्याच माथी. संगणक नसताना, नुसत्या घड्याळावर आणि शिस्तीवर हे चालत होतं. पोरांच्या शाईच्या गोलांमागे एवढी यंत्रणा राबत होती, हे कळल्यावर मी तिच्या प्रेमातच पडले.

जानेवारी 1993 मध्ये कंपनीने मोठा कॅटलॉग बंद केल्याचं जाहीर केलं. दुकानांचीही छाटणी झाली आणि सगळं मिळून 50,000 नोकऱ्या गेल्या. पुढच्याच वर्षी ॲमेझॉनची स्थापना झाली. घरबसल्या खरेदीची शंभर वर्षांची सवय ज्यांनी देशाला लावली, त्यांनी नेमक्या त्या क्षणी हात काढून घेतला. विश बुक त्यानंतरही अधूनमधून निघालं, पण फार बारीक होऊन. ऑक्टोबर 2018 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

आता प्रश्न आहे जुन्या प्रतींचा. नवा अंक आला की जुना रद्दीत जायचा. खेळण्यांची पानं तर मुलांनीच कात्रीने कापलेली. म्हणजे ज्या प्रती सर्वाधिक वाचल्या गेल्या, त्याच सर्वांत कमी उरल्या. संग्राहक आपल्याकडच्या प्रती स्कॅन करतात, पण इतक्या जाड पुस्तकाची पानं सपाट होत नाहीत. शिवणीजवळच्या किमती सावलीत जातात. पान नीट यायचं तर पाठ कापून प्रत सुटी करावी लागते, आणि ती प्रत पुन्हा पुस्तक होत नाही. शिवाय छपाईतल्या रंगाच्या ठिपक्यांवर स्कॅनर लहरी उमटवतो. त्या पानोपान पुसाव्या लागतात. हे काम बहुतेक हौशी लोक, नोकरी सांभाळून, पदरमोड करून करतात. कागद पिवळा पडून तुटायला लागलाय आणि हाताशी एकच प्रत असलेला माणूस ती कापावी की नाही हे ठरवू शकत नाही.