जुन्या लॅपटॉपवर नवी संचालन प्रणाली : पात्रता, पर्याय आणि मराठी मजकुराचे जतन

बीजशब्द : संचालन प्रणाली, विंडोज १०, विंडोज ११, टीपीएम, युनिकोड, फॉन्ट, लिनक्स

प्रस्तावना

मायक्रोसॉफ्ट कंपनीने २९ जुलै २०१५ रोजी प्रसिद्ध केलेल्या विंडोज १० या संचालन प्रणालीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आले. साहाय्य संपले म्हणजे लॅपटॉप बंद पडला असे नव्हे. तो पूर्वीप्रमाणेच सुरू होतो, वर्ड उघडतो, छपाईही करतो. फरक पडतो तो सुरक्षेच्या बाबतीत. त्या दिनांकानंतर प्रणालीत आढळणाऱ्या त्रुटींवरील दुरुस्त्या, म्हणजे व्यवहारातील अपडेट, सर्वसाधारण वापरकर्त्यापर्यंत आपोआप पोहोचत नाहीत. प्राध्यापकाच्या लॅपटॉपवर अंतर्गत मूल्यमापनाचे गुण, प्रश्नपत्रिकांचे मसुदे, शोधप्रबंधाची प्रकरणे आणि बँकेचे व्यवहार एकत्र नांदत असतात. शिवाय विभागातील चार संगणकांतून फिरून आलेला पेन ड्राइव्हही त्यालाच जोडला जातो. म्हणून ही बाब केवळ तांत्रिक मानून सोडून देता येत नाही.

असा प्रसंग पूर्वीही आला होता. विंडोज एक्सपीचे साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० रोजी संपले. परंतु विंडोज ७ चालविणाऱ्या बहुतेक यंत्रांवर विंडोज १० बसविता येत असे. यंत्र मंदावले तरी प्रणाली त्याला नाकारत नसे. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या विंडोज ११ ने ही परंपरा मोडली. सुस्थितीत चालणाऱ्या यंत्रालाही ती 'अपात्र' ठरविते. ही अपात्रता कोठे खरी असते व कोठे केवळ भासते, तसेच बदल करताना मराठीत लेखन करणाऱ्या अध्यापकाने कोणती काळजी घ्यावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पात्रतेच्या अटी

विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण क्षमता आणि दोन कोअरचा ६४-बिट प्रोसेसर आवश्यक आहे. या प्रणालीची ३२-बिट आवृत्तीच नाही. रॅम व साठवणुकीची अट गेल्या दहा वर्षांतील बहुतेक लॅपटॉप पूर्ण करतात. अडचण येते ती टीपीएम २.०, सिक्युअर बूट व प्रोसेसरची यादी या तीन ठिकाणी.

टीपीएम हा कूटबद्धतेच्या किल्ल्या जपणारा सुरक्षा घटक होय. डिस्कवरील माहिती कुलूपबंद केली असेल, तर त्या कुलपाची किल्ली डिस्कपासून वेगळी येथे ठेवली जाते. त्यामुळे लॅपटॉप चोरीस गेला तरी डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडल्याने मजकूर वाचता येत नाही. अनेक लॅपटॉपमध्ये याची स्वतंत्र चिप नसते. ते काम प्रोसेसरसोबतच्या फर्मवेअरमध्येच होते. २८ जुलै २०१६ पासून विंडोज १० सह विकल्या जाणाऱ्या नव्या यंत्रांसाठी मायक्रोसॉफ्टने टीपीएम २.० ची अट घातली होती. म्हणूनच त्यानंतर घेतलेल्या लॅपटॉपवर 'टीपीएम आढळले नाही' असा संदेश आला, तर ते नसण्यापेक्षा बंद ठेवलेले असण्याचा संभव अधिक. इंटेलच्या यंत्रांत ते बहुधा पीटीटी आणि एएमडीच्या यंत्रांत एफटीपीएम या नावाने बायोसच्या सुरक्षाविषयक भागात सापडते. दुकानदाराने 'हा लॅपटॉप बाद झाला' असे सांगण्यापूर्वी एवढी तपासणी तरी झाली पाहिजे.

सिक्युअर बूटचेही तसेच आहे. यंत्र सुरू होताना केवळ प्रमाणित आज्ञावलीच चालावी, यासाठी ही सोय असते व तिला यूईएफआय पद्धतीचे फर्मवेअर लागते. काही लॅपटॉपमध्ये फर्मवेअर यूईएफआय असूनही पूर्वी कोणीतरी विंडोज जुन्या 'लेगसी' पद्धतीने बसविलेले असते. सिस्टिम इन्फर्मेशन या खिडकीत बायोस मोडसमोर 'लेगसी' असे दिसल्यास डिस्कची रचना बदलावी लागते. त्यासाठी विंडोजमध्येच एमबीआर-टू-जीपीटी हे साधन असून त्याने डिस्क न पुसता रूपांतर होते. मात्र माहितीची प्रत काढल्याविना हे करू नये.

प्रोसेसरच्या अटीला मात्र असा उपाय नाही. इंटेलच्या बाबतीत साधारणतः आठव्या पिढीपासूनचे, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धापासूनचे, आणि एएमडीच्या बाबतीत रायझन २००० मालिकेपासूनचे प्रोसेसर मान्य यादीत आहेत. कोअर आय-५ च्या पुढील आकडा ६२०० असल्यास प्रोसेसर सहाव्या पिढीचा, ७२०० असल्यास सातव्या आणि ८२५० असल्यास आठव्या पिढीचा समजावा. पहिले दोन यादीबाहेर आहेत, तिसरा यादीत आहे. येथे एक विसंगती नोंदविली पाहिजे. कोअर आय-५ च्या सातव्या पिढीला प्रवेश नाही. परंतु क्षमतेने त्याहून पुष्कळ दुर्बल असलेल्या सेलेरॉन एन-४००० ला आहे. सातव्या पिढीतील कोअर आय-७ ७८२० एचक्यू हा प्रोसेसर निवडक यंत्रांपुरता अपवाद म्हणून नंतर स्वीकारला गेला आणि मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ या संगणकात नेमका तोच होता. सुरक्षा व स्थैर्य ही कंपनीने दिलेली कारणे निराधार नाहीत. पण यादीची सीमारेषा केवळ तांत्रिक निकषावर आखली गेली, असे म्हणणे कठीण आहे.

ही तपासणी टाळून विंडोज ११ बसविण्याचे आडमार्ग प्रचलित आहेत. तशा यंत्रांना अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. शिवाय २०२४ च्या आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये काही विशिष्ट सूचनासंच असणे अनिवार्य झाल्याने फार जुन्या यंत्रांवर ती सुरूच होत नाही. दुय्यम यंत्रावर प्रयोग म्हणून हे करण्यास हरकत नाही. ज्या यंत्रावर परीक्षेचे काम चालते, त्यावर करू नये.

मंदपणाचे खरे कारण

जुना लॅपटॉप मंद चालतो याचा दोष बहुधा प्रोसेसरला दिला जातो. प्रत्यक्षात मिनिटाला ५४०० फेरे घेणारी हार्ड डिस्क हेच अनेकदा कारण असते. तिच्यातील वाचनशीर्ष तबकडीवर इकडून तिकडे सरकत असताना प्रणाली ताटकळत राहते. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी आणि ४ ऐवजी ८ जीबी रॅम, एवढ्या बदलाने यंत्राचे रूप पालटते. रॅम विकत घेण्यापूर्वी ती बदलता येते का, हे पाहावे. पातळ बांधणीच्या अनेक लॅपटॉपमध्ये ती मदरबोर्डलाच जोडलेली असते. लॅपटॉप महाविद्यालयाच्या डेड स्टॉक रजिस्टरवर असल्यास सुटे भाग बदलल्याची नोंदही आवश्यक. काढलेली हार्ड डिस्क दुकानात सोडून येऊ नये. बाहेरच्या केसमध्ये बसविल्यास तीच जुन्या फाईलींची पहिली प्रत ठरते.

मराठी मजकुराचा प्रश्न

संचालन प्रणाली पुन्हा बसविता येते. हरवलेला मजकूर पुन्हा लिहावा लागतो. मराठीच्या संदर्भात मजकूर हरविण्याचा एक निराळा प्रकार आहे. फाईल जागेवर असते, उघडतेही, पण वाचता येत नाही.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि विंडोजमध्ये देवनागरीची अंगभूत सोय विंडोज २००० पासून झाली. तथापि मराठी लेखन, छपाई व शोधप्रबंध पुढेही दीर्घकाळ श्रीलिपी, आयएसएम, आकृती, कृतिदेव यांसारख्या पॅकेजेसच्या फॉन्टमध्ये होत राहिले. या जुन्या फॉन्टची युक्ती साधी होती. रोमन अक्षराच्या जागी देवनागरी आकृती बसविलेली असे. कृतिदेव ०१० मध्ये 'मराठी' हा शब्द लिहिल्यावर फाईलमध्ये प्रत्यक्षात रोमन लिपीतील ई, जे, के, बी, एच ही पाच अक्षरे साठविली जातात. फॉन्ट हजर असेपर्यंत पडद्यावर 'मराठी' दिसते. फॉन्ट नाहीसा झाला की ती पाच रोमन अक्षरे उघडी पडतात. नव्या प्रणालीची कोरी स्थापना केल्यानंतर नेमके हेच घडते. फाईल 'खराब झाली' असे समजून ती पुसून टाकणारेही असतात, ही खेदाची गोष्ट होय.

म्हणून बदलापूर्वी फॉन्टस् या फोल्डरमधील जुने मराठी फॉन्ट वेगळे काढून ठेवावेत. महत्त्वाच्या प्रत्येक फाईलची पीडीएफ प्रत जुन्या प्रणालीवर असतानाच करावी. फॉन्ट पीडीएफमध्ये समाविष्ट केला, तर ती कोणत्याही यंत्रावर जशीच्या तशी वाचता येते. तिच्यात मराठी शब्द शोधता येणार नाही, पण मजकूर तरी वाचेल.

कायमचा उपाय म्हणजे युनिकोडमध्ये रूपांतर. ते यांत्रिकपणे निर्दोष होत नाही, याचे कारण साठवणुकीच्या क्रमात आहे. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते त्याप्रमाणे व्यंजनाच्या आधी साठविलेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचे उलट आहे. तो जुन्या फॉन्टमध्ये अक्षरानंतर असतो आणि युनिकोडमध्ये आधी. रूपांतरकाला ही सर्व फिरवाफिरव करावी लागते. 'दऱ्या', 'ऱ्हास' अशा शब्दांतील अर्धा र त्याच्या हातून हमखास निसटतो. त्याहून मोठा धोका मिश्र मजकुरात संभवतो. मराठी शोधनिबंधाच्या संदर्भसूचीत इंग्रजी ग्रंथनामे असतात. रूपांतरकाने फॉन्ट न ओळखता सरसकट बदल केला, तर इंग्रजी ई या अक्षराचाही 'म' होऊन बसतो. तेव्हा रूपांतर विभागवार करावे आणि मूळ फाईल कधीही पुसू नये.

ज्यांचे लेखन प्रथमपासून युनिकोडमध्ये आहे, त्यांची चिंता बरीच कमी आहे. तरीही एक बाब लक्षात ठेवावी. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट मूळ स्थापनेचा भाग नसून ऐच्छिक सुविधांमधील 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' या संचात आहेत. तो संच नसल्यास मजकूर निर्मला या फॉन्टमध्ये वाचता येतो, परंतु ओळींची लांबी बदलून दोन पानांची प्रश्नपत्रिका तिसऱ्या पानावर जाते. टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट कळफलक उपलब्ध असतोच; मे २०१९ च्या अपडेटपासून मराठीचा उच्चाराधारित कळफलकही विंडोजमध्ये आला आहे. रेमिंग्टन पद्धतीची सवय असलेल्यांना स्वतंत्र साधन बसवावे लागते. १६-बिट काळातील आज्ञावल्या ६४-बिट विंडोजवर मुळीच चालत नाहीत. हार्डवेअर लॉकवर चालणारे जुने पॅकेज किंवा जुना प्रिंटर यांना ६४-बिट ड्रायव्हर लागतो आणि तो निर्मात्याने काढलेला असेलच असे नाही.

प्रत्यक्ष बदल

पात्र यंत्रावर, अधिकृत विंडोज १० असल्यास, विंडोज ११ विनामूल्य मिळते. फाईली व आज्ञावल्या कायम ठेवून केलेला बदल न रुचल्यास दहा दिवसांपर्यंत मागे फिरता येते. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर बायोसमध्ये बदल करण्यापूर्वी ते संरक्षण तात्पुरते स्थगित करावे आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. नव्या आवृत्तीची कोरी स्थापना मायक्रोसॉफ्ट खात्याने केल्यास ही कूटबद्धता अनेक यंत्रांवर न विचारताच सुरू होते. किल्ली त्या खात्यात जमा असते. ते खाते एखाद्या विद्यार्थ्याने किंवा दुकानातील मुलाने स्वतःच्या ई-मेलवर उघडून दिले असेल, तर लॅपटॉप प्राध्यापकांचा आणि किल्ली दुसऱ्याची, अशी अवस्था होते.

अपात्र यंत्राचे काय?

वैयक्तिक वापरकर्त्यांसाठी कंपनीने विंडोज १० च्या सुरक्षा अपडेटची मुदत नावनोंदणीच्या अटीवर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिली. संस्थांसाठी ही योजना तीन वर्षांची आहे. शैक्षणिक संस्थांना प्रतियंत्र पहिल्या वर्षी १, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४ डॉलर असा दर जाहीर झाला. सर्वसाधारण संस्थांना पहिल्याच वर्षी ६१ डॉलर मोजावे लागतात, हे पाहता महाविद्यालयाच्या खरेदी समितीने या सवलतीकडे अवश्य लक्ष द्यावे.

दुसरा पर्याय लिनक्सचा. केरळमधील शासकीय शाळांत मुक्त आज्ञावलींवर संगणकशिक्षण दीर्घकाळ चालत आले आहे, आणि सी-डॅकने बॉस ही भारतीय भाषांची सोय असलेली लिनक्स प्रणाली विकसित केली आहे. सहाव्या किंवा सातव्या पिढीच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट अथवा उबुंटू सुरळीत चालते. इनस्क्रिप्ट कळफलक मिळतो, लोहित देवनागरीसारखे फॉन्ट मिळतात, लिबरऑफिस मराठी आवरणासह वापरता येते. मात्र वर्डमध्ये बारकाईने आखलेली तक्तेबंद फाईल लिबरऑफिसमध्ये थोडी सरकते, आणि केवळ विंडोजसाठी बनलेली मराठी पॅकेजेस तेथे सहसा चालत नाहीत.

सुदैवाने निर्णयापूर्वी चाचणी घेता येते. लिनक्स पेन ड्राइव्हवरूनच, डिस्कला हात न लावता, सुरू करता येते. सुटीच्या दिवशी तसे करून वाय-फाय जोडले जाते का, वर्गातील प्रोजेक्टर ओळखला जातो का, विभागाचा प्रिंटर छापतो का हे पाहावे आणि गेल्या सत्राची एखादी मराठी प्रश्नपत्रिका उघडून तिची पाने मोजावीत.