मुंबई विद्यापीठाच्या नियमांतील एक सर्वनाम

सनदेंतील 'पुत्रपौत्रादि' या एका शब्दावरून इनामांचे तंटे किती लांबत, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. अशाच एका शब्दापाशीं स्त्रियांच्या उच्च शिक्षणाची वाट कशी अडली व पुढें कशी मोकळी झाली, तें येथें नमूद करावयाचें आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें. त्याच्या इंग्रजी नियमांत परीक्षार्थ्याचा उल्लेख पुल्लिंगी सर्वनामानें होत असे. स्त्रियांस स्पष्ट मनाई करण्याची गरजही कोणास भासली नसावी. स्त्री परीक्षेस बसेल ही कल्पनाच तेव्हां दूरची होती. १८७५ सालीं रेव्हरंड सोराबजी खरसेदजी यांच्या एका कन्येनें मॅट्रिक्युलेशनसाठीं अर्ज केला. तो नामंजूर झाला. वास्तविक, पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश समजावा, असें हिंदुस्थान सरकारच्या १८६८ च्या पहिल्या कायद्यांत आलेलें होतें. तो नियम त्यापुढील कायद्यांपुरता होता हें खरें. परंतु मनांत असतें तर त्याचाच कित्ता गिरवितां आला असता, असें आम्हांस वाटतें.

कलकत्ता विद्यापीठानें १८७८ सालीं स्त्रियांस परवानगी दिली. मुंबईस १८८३ उजाडलें. तेव्हां कोठें, नियमांतील पुल्लिंगी शब्दानें स्त्रीचाही बोध व्हावा, असें ठरलें. इमारत तीच, अभ्यासक्रम तोच; बदलला तो केवळ शब्दाचा अर्थ!

अर्ज नाकारला गेला त्याच घरांतील कॉर्नेलियाबाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत पहिल्या विद्यार्थिनी म्हणून दाखल झाल्या. ज्याचा हस्तलिखितसंग्रह १९१८ सालीं भांडारकर संस्थेकडे आला, तेंच हें कॉलेज. बाई पदवी-परीक्षेंत पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झाल्या. विलायतेंतील शिक्षणाच्या सरकारी शिष्यवृत्तीस त्या गुणांनीं पात्र होत्या, पण स्त्री म्हणून ती त्यांस मिळाली नाहीं. येथें तर शब्दाचा आडपडदाही उरला नव्हता. खाजगी मदतीवर त्या १८८९ सालीं ऑक्सफर्डास गेल्या. १८९२ सालीं कायद्याच्या बी. सी. एल्. परीक्षेस त्यांस बसूं देण्याकरितां खास ठराव करावा लागला. स्त्रियांस पदवी देण्याचें त्या विद्यापीठानें १९२० सालीं मान्य केलें, व बाईंची पदवी १९२२ सालीं त्यांच्या हातीं पडली. परीक्षेस तीस वर्षें होऊन गेलीं होतीं.

जुन्या घरांतील दप्तरें चाळतांना या काळांतील एखाद्या मुलीचा नाकारलेला अर्ज कोणास आढळल्यास, तो इंग्रजी व अलीकडचा म्हणून रद्दींत घालूं नये, एवढी संग्राहकांस विनंति आहे.