रोमान्स भाषांच्या लुप्त शाखा आणि संभाव्य इतिहास

लॅटिनपासून उद्भवलेल्या भाषांचा वंशवृक्ष मांडताना आपण पोर्तुगीज, स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, रुमानियन अशी नावे क्रमाने सांगतो, आणि हा क्रम जणू अटळच होता असा समज नकळत करून घेतो. वस्तुतः ही केवळ टिकून राहिलेल्यांची यादी होय. आणखी काही रोमान्स भाषा विकसित होऊन टिकल्या असत्या, तर त्या कोणत्या, हा प्रश्न म्हणूनच निव्वळ कल्पनाविलासाचा नाही. योग्य बंधने घालून तो विचारला, तर भाषा कशामुळे टिकते याविषयीची आपली गृहीते त्याने पारखता येतात.

रोमन सत्ता जेथे दीर्घकाळ नांदली तेथे लॅटिन टिकली, हे असेच एक गृहीत आहे. इ. स. पूर्व १४६ मध्ये कार्थेजचा पाडाव झाल्यावर उत्तर आफ्रिकेत रोमचा अंमल सुरू झाला. अपुलेयस व ऑगस्टीन हे लॅटिन लेखक तेथलेच. याउलट डॅन्यूबच्या उत्तरेकडील डेशिया प्रांत ट्रेजनने इ. स. १०६ मध्ये जिंकला आणि २७५ च्या सुमारास रोमने तो सोडूनही दिला. तरीही रुमानियन आज जिवंत आहे, आणि आफ्रिकेतील रोमान्स बोली नामशेष झाली. रुमानियनभाषकांचे पूर्वज डॅन्यूबच्या उत्तरेसच राहिले की दक्षिणेकडून तेथे गेले, हा वाद मिटलेला नाही. परंतु कोणताही पक्ष स्वीकारला तरी केवळ सत्तेच्या कालावधीवरून भाषेचे भवितव्य ठरत नाही, हे स्पष्ट होते.

आफ्रिकेतील बोली अरबांच्या विजयाबरोबर तत्काळ लोपली असेही नाही. कार्थेज ६९८ मध्ये अरबांच्या हाती गेले; पण बाराव्या शतकातील भूगोलकार इद्रिसी याने गफ्सा येथील बहुतेक लोक आफ्रिकी लॅटिन बोलतात, अशी नोंद केली आहे. मात्र तेथे अरबी ही राज्याची, धर्माची व नगराची भाषा झाली, आणि अकराव्या शतकापासून अरब टोळ्यांच्या वसाहतींमुळे ती ग्रामीण भागातही पसरली. रुमानियन लोकांतही स्लाव्होनिक शतकानुशतके उपासनेची भाषा होती. परंतु ती त्यांच्या घरात शिरली नाही. निर्णायक भेद येथे दिसतो.

या दोन टोकांच्या मधले उदाहरण डाल्मेशियनचे. एड्रियाटिकच्या पूर्व किनाऱ्यावरील ही भाषा एकीकडे क्रोएशियन व दुसरीकडे व्हेनेशियन यांच्या दडपणाखाली क्षीण होत गेली. क्र्क बेटावरील तिचा अखेरचा जाणकार तुओने उदाइना १८९८ मध्ये स्फोटात मरण पावला. त्याच्या आदल्याच वर्षी मात्तेओ बार्तोली यांनी त्याच्याकडून सामग्री टिपून घेतली होती. उदाइना तेव्हा बहिरा व दंतहीन होता आणि कित्येक वर्षांत ती भाषा बोललेला नव्हता; तरीही एका शाखेचे आपले ज्ञान मुख्यतः त्याच्याच स्मरणावर अवलंबून आहे.

त्या ज्ञानाचे मोल एका शब्दावरून कळेल. लॅटिन ‘ओक्तो’ (आठ) याचे इटालियनमध्ये ‘ओत्तो’ झाले. प्राकृत ‘अट्ठ’ आठवणाऱ्यास असे समीकरण परिचित आहे. रुमानियनमध्ये मात्र ‘ओप्त’ आणि डाल्मेशियनमध्ये ‘ग्वाप्तो’ अशी रूपे आढळतात. डाल्मेशियनची नोंद नसती, तर हा ‘प्त’ रुमानियनचाच खास विशेष मानला गेला असता.

ब्रिटनमधील लॅटिनविषयी अशी सामग्री नाही. कल्पनेला वाव आहे तो तेथेच. अँड्र्यू स्मिथ यांनी १९९६ मध्ये ‘ब्रिथेनिग’ ही कृत्रिम भाषा रचताना वेल्शमधील ध्वनिपरिवर्तने बोलभाषेतील लॅटिनला लावून पाहिली. वेल्शमधील ‘पोंट’ (पूल) व ‘एग्लुइस’ (चर्च) हे लॅटिनमार्गे आलेले शब्द अशा रचनेला काहीसा आधार देतात. तथापि ध्वनिनियम केवळ शब्दाचे संभाव्य रूप सांगतात. तो शब्द बोलणारा समाज का टिकला असता, याचे उत्तर इतिहासातच शोधावे लागते. ही दुहेरी कसोटी सांभाळली, तरच संभाव्य इतिहास भाषाशास्त्राच्या कक्षेत राहतो. उपलब्ध शाखांवरून मूळ भाषेची पुनर्रचना करणाऱ्या अभ्यासकानेही आपल्यासमोरील पुरावा वाचलेल्यांचाच आहे, हे विसरता कामा नये.