घरीं बांधावयाचा पहिला सी. एन. सी. राउटर : आंखणी व भागांची निवड

संगणकाच्या आज्ञेप्रमाणें फिरतें बिट चालवून लांकूड कापणारें व कोरणारें जें यंत्र, त्यास सी. एन. सी. राउटर म्हणतात. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत १९५२ सालीं अंकांच्या आज्ञेवर चालणारें कापयंत्र प्रथम लोकांस दाखविण्यांत आलें, तेव्हां त्याच्या नियंत्रणासाठीं निर्वात नळ्यांनीं भरलेलीं कपाटें लागत. आज तेंच काम तळहातावर मावणारी एक पट्टी करिते. यामुळें असें यंत्र घरच्या पडवींत बांधणें शक्य झालें आहे, व ज्यांच्या घरीं तंत्रशिक्षण घेतलेला मुलगा आहे अशा आमच्या वाचकांस हा विचार सुचणें साहजिक आहे. विचार चांगला आहे. मात्र यांत पैसा वांया जातो तो बहुधा यंत्र बांधतांना नव्हे, तर आंखणी होण्यापूर्वीं केलेल्या खरेदींत. विहिरीस पाणी किती हें न पाहतां पंप आणण्यासारखाच हा प्रकार होय.

म्हणून पहिला प्रश्न ‘मोटर कोणती घ्यावी’ हा नसून ‘यंत्रावर काय करावयाचें’ हा आहे. पुष्कळांचें उत्तर ‘सर्व कांहीं’ असें असतें : दारें कोरावयाचीं, पितळी पाट्या खोदावयाच्या, जमल्यास लोखंडही कापावयाचें. असें यंत्र पहिल्या प्रयत्नांत घरीं होत नाहीं. आम्ही येथें एकच काम डोळ्यांपुढें ठेवितों, तें म्हणजे मधमाश्यांच्या पेट्या. कांद्याचें बीं धरणाऱ्यांस परागीकरणासाठीं पेट्यांची गरज पडते, आणि पेट्या लागतात त्या एका मापाच्या व पुष्कळ. सुतार कितीही कसबी असला तरी त्याची पन्नासावी पेटी पहिलीशीं तंतोतंत जुळणें कठीण. आणि येथें जुळणें हें केवळ शोभेचें काम नव्हे. पेटींत सुमारें ६ ते ९ मिलिमीटरची फट असेल तर माश्या ती जाण्यायेण्यासाठीं मोकळी ठेवितात. त्याहून कमी असल्यास आपल्या डिंकानें बुजवितात, जास्त असल्यास तेथें पोळें बांधितात, व मग चौकट मोडल्याशिवाय बाहेर येत नाहीं. लॅंगस्ट्रॉथ यांनीं १८५१ सालीं या गोष्टीचा उपयोग पेटीच्या रचनेंत केला, व हल्लींच्या चौकटींच्या पेट्या त्याच तत्त्वावर उभ्या आहेत.

एवढें ठरलें कीं अर्धें गणित सुटतें. फट ३ मिलिमीटरच्या मर्यादेंत राहावयाची आहे. तेव्हां जें यंत्र पुन्हा पुन्हा ०.२ मिलिमीटरच्या आंत त्याच जागीं येईल तें या कामास भरपूर झालें. शतांश मिलिमीटरची हमी देणारे महाग भाग घेण्याचें कारण उरत नाहीं. दहा चौकटींच्या लॅंगस्ट्रॉथ पेटीच्या खालच्या मोठ्या कोठीचें बाहेरील माप सुमारें ५०८ मिलिमीटर लांब, ४१३ रुंद व २४४ उंच असतें. म्हणजे सर्वांत मोठी फळी ५०८ बाय २४४ ची झाली, व ६०० बाय ४०० ची कामाची जागा पुरेशी आहे. आठ बाय चार फुटांचें अखंड प्लायवुड बसेल एवढें यंत्र हवें असा मोह होतो. परंतु तें प्लायवुड आधीं करवतीनें तोडून घेण्यास कोणाची हरकत आहे? रुळांची लांबी मात्र कामाच्या जागेहून जास्त धरावी लागते, कारण पूल व त्यावरील गाडा स्वतः कांहीं जागा अडवितात. उंचीच्या दिशेनें १०० मिलिमीटर चाल बस्स. पूल जितका उंच तितका तो तरफेसारखा डोलतो.

आतां सांगाड्याविषयीं, आमच्या मतें या यंत्राचें सारें यश येथेंच आहे. नांगराचा हाळीस वांकडा असेल तर फाळ कितीही पाणीदार असला तरी तास सरळ येत नाहीं. १६ मिलिमीटर जाडीची गोल पोलादी सळई ६०० मिलिमीटर अंतरावरील दोन टेकूंवर ठेवून मध्यें १० किलो वजन टांगलें तर ती सुमारें ०.७ मिलिमीटर वांकते. तीच सळई ३०० मिलिमीटर अंतरावर ठेविली तर वांक ०.१ मिलिमीटरहूनही कमी होतो, कारण लांबी दुप्पट झाली कीं वांक आठपट होतो. याउलट जाडी दुप्पट केली तर वांक सोळावा हिस्सा राहतो. स्वस्त संचांत दोन टोंकांस धरलेल्या बारीक सळयांवर गाडा चालवितात, तो कां थरथरतो हें यावरून ध्यानांत येईल. सबब रूळ असा घ्यावा कीं ज्यास खालून सबंध लांबीभर आधार आहे. ॲल्युमिनियमच्या बैठकीवरील गोल रूळ चालेल; चौकोनी छेदाचा, गोळ्यांवर चालणाऱ्या गाड्याचा रूळ त्याहून पुष्कळ बरा. यंत्र मोठें करण्यांत जो पैसा जाणार तो या रुळांत घालावा.

सांगाडा लांकडी भुशाच्या दाबीव तक्त्यांचा, म्हणजे एम. डी. एफ. चा, केल्यास स्वस्त पडतो व घरच्या हत्यारांनीं होतो. पण तो तक्ता ओल शोषून फुगतो. कोंकणांत किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनीं पावसाळ्याचा विचार करूनच तो घ्यावा. ॲल्युमिनियमचे खांचेदार पट्टे बोल्टांनीं जोडतां येतात व पुन्हा सोडून सरळ करतां येतात. शिकाऊ माणसास हे सर्वांत सोयीचे. गांवच्या वेल्डरकडून लोखंडी चौकोनी नळीची चौकट करून घेतल्यास ती भक्कम होते, पण वेल्डिंग निवतांना लोखंड ओढलें जातें व चौकट किंचित् मुरडते. रूळ ज्या पृष्ठभागावर बसतो त्याचाच आकार घेतो. यावर एक सोपी तोड आहे. दोन्ही बाजूंच्या नळ्यांवर, वाफ्यास घालतों तसा, कडेनें बांध घालून पातळ व सावकाश घट्ट होणारें इपॉक्सी ओतावें, आणि दोन्ही वाफे एका पाटानें जोडावे. पाण्याप्रमाणें तें आपोआप एक पातळी धरतें. घट्ट झाल्यावर पाट कापून टाकावा व त्या पृष्ठभागावर रूळ बसवावे.

गाडा ओढण्यासाठीं साधी आट्यांची सळई वापरण्याचा मोह टाळावा. ती झिजते, व दिशा बदलतांना जी ढिलाई राहते, जिला कारागीर ‘प्ले’ म्हणतात, ती प्रत्येक खांचेंत उतरते. १६ मिलिमीटर जाडीचा, एका फेऱ्यांत ५ मिलिमीटर सरकणारा बॉल-स्क्रू या मापाच्या यंत्रास योग्य होय. उभ्या दिशेच्या स्क्रूवर वजनदार स्पिंडल असेल तर वीज बंद होतांच ती आपल्या भारानें खालीं घसरूं शकते, हें लक्षांत ठेवावें.

मोटर स्टेपर जातीची घ्यावी. तोंड सुमारें ५७ मिलिमीटर चौरस असलेली, जी बाजारांत ‘नेमा २३’ म्हणून मिळते, ती पुरते. तिच्यावर छापलेला जोर हा उभ्या मोटरीचा असतो. वेग वाढला कीं तो घटतो. म्हणून जास्त जोराचा आंकडा पाहून मोटर घेण्यापेक्षां तीस विजेचा दाब बरा द्यावा. ५० व्होल्टपर्यंतचा ड्रायव्हर असल्यास ३६ व्होल्टचा पुरवठा योग्य. मोटर एका फेऱ्यास २०० पावलें टाकते. ड्रायव्हरनें प्रत्येक पावलाचे आठ भाग केले तर १,६०० होतात. त्यांस ५ नें भागिलें म्हणजे एका मिलिमीटरास ३२० पावलें. मिनिटास ३,००० मिलिमीटर धांव हवी असेल तर सेकंदास १६,००० पावलें लागतील. नियंत्रणासाठीं आर्डुइनोची लहान पट्टी व तीवरील ‘ग्रबल’ हा विनामूल्य कार्यक्रम हें काम सहज करितात. नकाशा काढण्यास व त्यावरून कापण्याचा मार्ग आंखण्यास ‘फ्रीकॅड’ आहे. त्यासही दाम पडत नाहीं. या भागावर फार विचार करीत बसूं नये. तो पुढें केव्हांही बदलतां येतो, सांगाडा बदलतां येत नाहीं.

स्पिंडलच्या जागीं प्रथम सुताराचें हातराउटर बसवावें. आवाज फार होतो, पण काम भागतें. २.२ किलोवॉटची पाण्यानें थंड राहणारी स्पिंडल शांत चालते खरी. तिला वेगळा वेगनियंत्रक व भक्कम जोडणी लागते, घरांतील ६ ॲम्पियरच्या सॉकेटवर ती चालवूं नये. बिट हळू चालविणें सुरक्षित, अशी समजूत आहे, ती चुकीची. दोन धारांचें बिट मिनिटास १८,००० फेरे घेत असतां गाडा ९०० मिलिमीटरनें चालविला तर प्रत्येक धारेच्या वांट्यास ०.०२५ मिलिमीटर लांकूड येतें. तें कापलें न जातां घासलें जातें, लांकूड करपतें व धार मरते. एका धारेचें बिट, १२,००० फेरे व १,८०० मिलिमीटरची चाल ठेविली तर हाच भाग ०.१५ मिलिमीटर होतो व स्वच्छ छिलके निघतात. दर खेपेस ३ मिलिमीटर खोल गेल्यास २० मिलिमीटरची फळी सात खेपांत तुटते. बिट गोल असल्यामुळें सांध्याच्या आंतल्या कोपऱ्यांत गोलाई राहते. तेथें नकाशांतच बिटापुरती जास्त खांच धरावी, नाहींतर पटाशीनें कोपरे काढीत बसावें लागेल.

शेतीपंपाच्या जोडणीवर हें यंत्र लावूं नये; घरच्या जोडणीवर चालवावें व लोखंडी सांगाड्यास अर्थिंग करावें. वीज मध्येंच गेली तर स्टेपर मोटरीस आपण कोठें होतों याची आठवण राहत नाहीं. यास्तव तिन्ही दिशांस आरंभस्थानाचे स्विच बसवावे, म्हणजे वीज आल्यावर यंत्र पुन्हा त्याच मूळ बिंदूवर येऊन काम पुढें चालवितां येतें. चालू स्थितींत मोटरीची तार उपटल्यास ड्रायव्हर जळतो. एका झटक्यांत स्पिंडल बंद करणारें लाल बटण हाताशीं असावें. हातमोजे, उपरणें किंवा धोतराचा सुटा सोगा यंत्राजवळ आणूं नये. चष्मा लावावा, आणि भुसा ओढणारें यंत्र जोडूनही तोंडास मुसकें बांधावें, एम. डी. एफ. ची धूळ विशेष वाईट.

सर्व जुळल्यावर लगेच फळी लावूं नये. बिटाच्या जागीं पेन्सिल बांधावी व ३०० मिलिमीटरचा चौरस जाड कागदावर काढावा. दोन्ही कर्ण ४२४.३ मिलिमीटर भरले पाहिजेत. एक कर्ण मोठा व एक लहान आला तर पूल काटकोनांत नाहीं असें समजून त्याचे बोल्ट सैल करावे, एक बाजू थोडी पुढें सरकवावी व पुन्हा चौरस काढावा. कर्ण जुळले परंतु रेघांचीं टोंकें एकमेकांस मिळालीं नाहींत, तर दोष स्क्रूच्या नटांत किंवा मोटरीच्या कपलिंगांत शोधावा.