हरणीसाठी एक फाटक

आमच्या घरात जिन्याच्या पायथ्याशी एक बुटकं फाटक आहे. रांगत्या बाळानं जिना चढू नये म्हणून लावतात तसलं. घरात रांगणारं कुणी नाही, लेक चौदा वर्षांची आहे. फाटक आहे ते हरणीसाठी.

हरणी म्हणजे आमची ग्रेहाउंड कुत्री. रंग हरणाचा, पाय हरणाचे, म्हणून नावही तेच. शर्यतीच्या कागदांवर तिचं नाव वेगळं होतं, आणि दोन्ही कानांच्या आत हिरव्या शाईनं गोंदलेली अक्षरं अजून आहेत. साडेतीन वर्षांची असताना ती मँचेस्टरजवळच्या आमच्या घरी आली. तेव्हा घरात दोघं आधीपासून नांदत होते. एक नऊ वर्षांची मनी मांजर, आणि दुसरा टिपू, गुडघ्याच्याही खाली भरणारा झिपरा म्हातारा कुत्रा.

सांगलीहून आईचा फोन आला. माझ्या आजोबांकडे कारवानी जातीचं शिकारी कुत्रं होतं, ते आईनं लहानपणी पाहिलेलं. "अगं, सशामागं सुटलं की ते मालकाच्या हाकेलाही थांबत नसे. मांजराच्या घरात असलं कुत्रं कशाला आणतेस?" आईचा प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर मिळायला आम्हाला वर्ष लागलं.

डोळ्यांनी शिकार करणारं जनावर

बहुतेक कुत्री नाकानं जग ओळखतात. ग्रेहाउंड आणि त्याचे भाऊबंद, म्हणजे सालुकी, अफगाण हाउंड, आपले मुधोळ आणि कारवानी, हे डोळ्यांनी शिकार करतात. लांबट कवटीच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या डोळ्यांनी त्यांना माणसापेक्षा कितीतरी रुंद टापू दिसतो. त्या टापूत काही हललं की मान वळते, आणि डोक्यात विचार यायच्या आत पाय सुटतात. पूर्ण वेगात ग्रेहाउंड ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास धावतो. प्रत्येक झेपेत दोनदा त्याचे चारही पाय जमिनीवरून सुटलेले असतात.

या उपजत ओढीवर माणसानं एक अख्खा धंदा उभा केला. ओवेन पॅट्रिक स्मिथ या अमेरिकन माणसानं रुळावरून पळणारा यांत्रिक ससा तयार केला आणि १९१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिल इथे त्याच्यामागे कुत्री धावू लागली. ब्रिटनमधली अशी पहिली शर्यत २४ जुलै १९२६ रोजी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर झाली. आमच्या घरापासून ती जागा लांब नाही. गिरणी कामगारांच्या या शहरात संध्याकाळी काम सुटल्यावर थोड्या पैशांत पैज लावता येई, त्यामुळे हा खेळ बघता बघता देशभर पसरला. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ग्रेहाउंडांची मानाची डर्बी शर्यत जिंकणारा मिक द मिलर हा कुत्रा इतका लाडका झाला, की मेल्यावर पेंढा भरून त्याला संग्रहालयात ठेवलं. इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयात तो आजही उभा आहे. बेल व्ह्यूचं मैदान मात्र २०२० मध्ये कायमचं बंद झालं.

ब्रिटनमध्ये एका शर्यतीत सहा कुत्री धावतात. शर्यत साधारण अर्ध्या मिनिटात संपते. पंधरा महिन्यांचं झालं की पिल्लू धावायला लागतं आणि तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान निवृत्त होतं. ग्रेहाउंडचं आयुष्य बारा-चौदा वर्षांचं. म्हणजे त्याच्या आयुष्याचा मोठा भाग शर्यतीनंतरचा असतो, आणि प्रदीर्घ काळ त्या भागाची फारशी कुणी काळजी केली नाही. २००६ मध्ये इंग्लंडच्या ईशान्येकडील सीहॅम गावात, एका माणसानं पंधरा वर्षांत हजारो निरोगी ग्रेहाउंड पैसे घेऊन मारले आणि आपल्या शेतात पुरले, असं एका वृत्तपत्रानं उघड केलं. देश हादरला. निवृत्त कुत्र्यांना घरं शोधून देणाऱ्या संस्था त्याआधीही होत्या, पण त्यानंतर त्यांच्या कामाकडे लोकांचं लक्ष वळलं.

घर म्हणजे परका मुलूख

अशाच एका संस्थेतून आम्ही हरणीला आणलं. त्यांनी आधी आमचं घर पाहिलं, मागच्या अंगणाच्या कुंपणाची उंची मोजली, दिवसातून किती तास घरी कुणी नसतं ते विचारलं. मग तिची मांजराशी गाठ घालून पाहिली. तोंडाला मुसकं, गळ्यात पट्टा, आणि समोर कुत्र्यांना सरावलेलं एक निर्ढावलेलं मांजर. मांजर पाहून काही कुत्री दगडासारखी ताठ होतात. कान उभे, नजर खिळलेली, अंगाला बारीक कंप. नाकाशी खाऊ धरला तरी वास घेत नाहीत. अशा कुत्र्याला मांजराच्या घरी पाठवत नाहीत. हरणीनं पाहिलं, हुंगलं, आणि खाऊ दाखवताच मांजरावरून तोंड फिरवलं. ते तोंड फिरवणं महत्त्वाचं. "हिला शिकवता येईल," तिथल्या बाई म्हणाल्या. 'ही मांजराला काही करणार नाही' असं त्या म्हणाल्या नाहीत. या दोन वाक्यांतलं अंतर मला पुढे हळूहळू उमगलं.

शर्यतीचा कुत्रा क्वचितच घरात वाढतो. त्याचं बालपण कुत्र्यांच्या वाड्यात, इतर ग्रेहाउंडांच्या संगतीत जातं. हरणीला जिना माहीत नव्हता. पहिल्या पायरीवर ती थरथरत उभी राहिली. मी तिच्या मागं बसले आणि एकेक पाय हातानं उचलून वरच्या पायरीवर ठेवत गेले. काचेचं दार तिला दिसलंच नाही, म्हणून काचेवर रंगीत कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. कपडे धुण्याचं यंत्र फिरू लागलं की ती दुसऱ्या खोलीत जाई. पहिले काही दिवस पाहुणे नकोत, बाजारहाट नको, आंघोळ नको, असं संस्थेनं बजावलं होतं. एक जाड अंथरूण, ठरलेल्या वेळी जेवण, आणि शांतता. तिच्या अंगावर चरबी जवळजवळ नाही, त्यामुळे कडक जमिनीवर कोपरं सोलवटतात आणि थंडीत अंगात झूल घालावीच लागते.

बाकी, एवढं वेगवान जनावर घरात दिवसातले सोळा-अठरा तास झोपून काढतं. सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास फिरवलं की त्याचं भागतं. आम्ही फिरायला नेतो ते कायम पट्टा बांधून. मोकळ्या माळावर ससा दिसला तर पुढच्या रस्त्याचं भान तिला राहणार नाही, हे पक्कं ठाऊक आहे.

टिपूची आणि तिची ओळख

टिपूशी ओळख सोपी जाईल असं वाटलं होतं. कुत्र्याला कुत्रा. पण शर्यतीच्या वाड्यात फक्त ग्रेहाउंड पाहिलेल्या जनावराला झिपरा, आखूड पायांचा, तुरुतुरु पळणारा प्राणी कुत्रा आहे हे कळतंच असं नाही. त्याला तो सशासारखाही दिसू शकतो. म्हणून पहिली भेट घरात केली नाही. नवऱ्यानं टिपूला धरलं, मी हरणीला, आणि रस्त्याच्या दोन्ही कडांनी आम्ही एकाच दिशेनं चालत राहिलो. समोरासमोर आणायचं नाही, फक्त बरोबर चालायचं. दोन दिवसांत अंतर कमी झालं, मग एकमेकांना हुंगणं झालं, आणि नंतरच दोघं एका दारातून आत आले.

घरातही काही नियम कायमचे. जेवण वेगवेगळ्या खोल्यांत. चघळायचं हाड मिळालं तर मध्ये बंद दार. दोघांची अंथरुणं दूर. ग्रेहाउंडमध्ये आणखी एक गोष्ट वरचेवर दिसते, ती म्हणजे झोपेत दचकणं. वाड्यात झोपेत माणसाचा हात अंगाला लागायची सवय नसते. कित्येक ग्रेहाउंड डोळे अर्धे उघडे ठेवून झोपतात, त्यामुळे जागं आहे असं वाटून मूल जवळ जातं, हात लावतं, आणि कुत्रं भानावर यायच्या आत दात लागतात. लेकीला पहिल्याच दिवशी सांगितलं, आधी लांबून हाक, मग हात. टिपूला ते सांगता येत नाही, म्हणून त्याचं अंथरूण वरच्या खोलीत.

मनीचं राज्य

मनीसाठी आम्ही घराची मांडणीच बदलली. पहिले काही दिवस दोघींनी एकमेकींना पाहिलं नाही. मनीच्या अंगावरून फिरवलेलं फडकं हरणीच्या अंथरुणात, हरणीचं मनीच्या टोपलीत, असं वासानं एकमेकींना ओळखून घेणं चाललं. मग ते फाटक आलं. फाटकाला खाली मांजराएवढी फट आहे. मनी त्यातून जाऊ शकते, हरणी नाही. कपाटांच्या माथ्यावर, खिडकीच्या वरच्या फळीवर मनीच्या जागा केल्या. तिचं खाणं आणि मातीचं घमेलं फाटकापलीकडे गेलं.

नंतर रोज सकाळी दहा मिनिटं सराव. हरणी मुसकं आणि पट्टा घालून माझ्याजवळ. आपल्याकडे मळणीच्या वेळी बैलाला बांधतात तसंच हे मुसकं, फक्त प्लॅस्टिकच्या जाळीचं. त्यातून पाणी पिता येतं, धाप टाकता येते. शर्यतीच्या कुत्र्याला त्याची सवय असते, त्यामुळे त्यात त्याला शिक्षा वाटत नाही. मनी फाटकापलीकडे येऊन बसे. हरणीनं तिच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली की लगेच चिकनचा तुकडा. नजर खिळली तर रागावायचं नाही, पट्टा ओढायचा नाही, निमूटपणे दुसऱ्या खोलीत जायचं. सहा आठवडे आम्ही एवढंच केलं. त्यानंतर मनी त्याच खोलीतून शेपूट उभारून चालत गेली आणि हरणीनं डोकं खाली टेकून डोळे मिटले.

त्या दिवशी मी सुस्कारा टाकला, आणि चूक केली ती त्यानंतर. आठवडाभरानं दुपारी मागचं दार उघडं राहिलं. हरणी अंगणात होती. मनी कुंपणावरून उतरली आणि हिरवळीवरून पळत घराकडे निघाली. घरातली मनी आणि उघड्यावर पळणारी मनी ही ग्रेहाउंडच्या लेखी दोन निरनिराळी जनावरं असतात, हे मला सांगितलेलं होतं. ऐकलंही होतं. दोन झेपांत हरणी तिच्यावर होती. सकाळच्या सरावानंतर मुसकं काढायचं राहून गेलं होतं, एवढ्याचसाठी मनी आज आहे. तिला खरचटलंही नाही, पण दोन दिवस ती माळ्यावरून उतरली नाही.

मी स्वयंपाकघरात बसून रडले. हरणी शेजारी येऊन माझ्या मांडीला अंग टेकवून उभी राहिली, ग्रेहाउंड राहतात तशी. तिनं काही गुन्हा केला नव्हता. शेकडो पिढ्या निवडून निवडून आपण तिच्या अंगात जे भरलं, ते तिनं केलं होतं. संस्थेतल्या बाई जे म्हणाल्या आणि जे म्हणाल्या नाहीत, त्यांतलं अंतर मला तेव्हा कळलं. जनावराच्या चांगुलपणाची परीक्षा घ्यायची नसते. त्याला चांगलं वागता येईल अशी घराची सोय लावायची असते, आणि ती रोज लावायची असते. त्या दिवसापासून अंगण दोघींना वाटून दिलं आहे. दार उघडण्याआधी दुसरी कुठे आहे ते घरातला प्रत्येकजण मोठ्यानं विचारतो. घरी कुणी नसताना दोघींच्या मध्ये दार बंद असतं.

डॉक्टरांशी बोलताना

ग्रेहाउंड आणणाऱ्यानं त्याच्या शरीराची माहिती करून घ्यावी. त्याच्या रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा जास्त आणि प्लेटलेट्स कमी असतात. थायरॉइड संप्रेरकाचं प्रमाणही मुळातच कमी असतं. हे माहीत नसलेल्या डॉक्टरला निरोगी ग्रेहाउंडचा अहवाल आजाऱ्याचा वाटू शकतो. थायोपेंटलसारखी भुलीची काही औषधं त्याच्या शरीरातून फार सावकाश उतरतात, म्हणून शस्त्रक्रियेआधी जात आवर्जून सांगावी. कातडी पातळ, काटेरी झुडपानंही फाटते. निवृत्तीच्या वेळी दात बहुधा खराब असतात. आणि उतारवयातलं लंगडणं मुरगळणं समजून सोडू नये, कारण या जातीत हाडाच्या कर्करोगाचं प्रमाण मोठं आहे.

हेही सांगायला हवं, की सगळं नीट करूनही काही घरांत जमत नाही. मांजर खाणं सोडतं, किंवा कुत्र्याची नजर हटतच नाही. अशा वेळी कुत्रा संस्थेकडे परत देण्यात कमीपणा नाही. मांजर नसलेल्या घरात तोच कुत्रा सुखानं राहील. चांगल्या संस्था तशी अटच घालतात, की नाही जमलं तर आमच्याकडेच आणा.

मैदानं बंद होताना

ही माहिती येत्या काळात अधिक लागणार आहे. मकाऊचं कॅनिड्रोम हे शर्यतीचं मैदान २०१८ मध्ये बंद झालं तेव्हा पाचशेहून अधिक ग्रेहाउंड मागे राहिले, आणि त्यांना जगभर घरं शोधावी लागली. त्याच वर्षी अमेरिकेत फ्लोरिडाच्या मतदारांनी शर्यतींवर बंदी आणली. ती २०२० च्या अखेरीस पूर्णपणे लागू झाली. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूझीलंड सरकारनं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये वेल्स सरकारनं शर्यती बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. प्रत्येक बंद मैदानामागे कुत्री उरतात, आणि त्यांना ज्या घरांत जायचं आहे त्यांतल्या कितीतरी घरांत आधीच एखादी मनी असते.

आपल्याकडे मुधोळ, कारवानी पाळणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल. २००५ मध्ये टपाल खात्यानं मुधोळवर तिकीट काढलं, त्याचं कौतुक आहेच. पण रानात वाढायची सवय असलेलं हे रक्त शहरातल्या बंद दारांमागे आणायचं, तर त्याच्या डोळ्यांना काय दिसतं याचा विचार आधी करावा.

हरणीला येऊन आता दीड वर्ष झालं. मागच्या दिवाळीत आई आली होती. पहिले काही दिवस ती फाटक ओलांडताना पुटपुटे, "आता कशाला ठेवलंय हे, शहाणी झालीय की ती." मी काही बोलले नाही. एका रात्री पाणी प्यायला आई खाली उतरली. जिन्याच्या पायथ्याशी फाटकाच्या एका बाजूला हरणी पसरली होती, दुसऱ्या बाजूला गजांना पाठ लावून मनी. पलीकडे जायला मनीला फट होती, पळून जायला अख्खा जिना होता. ती तिथेच बसली होती.

आईनं लांबूनच हलकी हाक मारली, "हरणे." हरणीनं मान उचलल्यावर तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग अलीकडे आली आणि फाटकाची कडी नीट लागली आहे ना, ते पुन्हा एकदा पाहिलं.